नऊ फुटांची फळी

मिस्त्रींच्या मते जगात दोन प्रकारची माणसं होती. एक, ज्यांना लाकडातलं काही कळत नाही, आणि दुसरी, ज्यांना ते कळतं असं वाटतं. पहिल्यांची ते कीव करायचे. दुसऱ्यांना दारातूनच वाटेला लावायचे. स्वतः ते कोणत्या प्रकारात बसतात हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती, आणि त्यांना स्वतःला तर तो प्रश्नच पडला नव्हता.

कारखान्याच्या मागच्या भिंतीशी एक अक्रोडाची फळी होती. नऊ फूट लांब, दोन इंच जाड, आणि दोन्ही कडा झाडावर होत्या तशाच ठेवलेल्या, कुठे आत गेलेल्या, कुठे फुगलेल्या. मिस्त्रींनी ती मुलीच्या लग्नाच्या वर्षी वखारीतून आणली, आणि लग्नाच्या पंगतीत चारचौघांसमोर सांगून टाकलं, "हिचं मी पोरीला जेवणाचं टेबल करून देणार. तिची नातवंडं त्यावर जेवतील." लोकांनी माना डोलावल्या. मुलीने नव्या घरात तात्पुरतं म्हणून एक घडीचं प्लास्टिकचं टेबल घेतलं. त्या तात्पुरत्याला आता नऊ वर्षं झाली होती.

इंचाला एक वर्ष, असा लाकूड वाळण्याचा हिशेब. म्हणजे दोन वर्षांत फळी तयार व्हायला हवी होती. पण दोन वर्षं संपायच्या आतच मिस्त्रींच्या डोक्यात शिरलं की एवढ्या देखण्या लाकडाचं नुसतं टेबल करणं म्हणजे गाढवाला गुळाची चव विचारण्यातला प्रकार. हिचं काहीतरी असं व्हायला हवं की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. काय, ते सुचत नव्हतं. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला ते फळी दाखवू लागले. सल्ला घ्यायला नव्हे, सल्ला देणाऱ्याची अक्कल काढायला.

त्याची एक पद्धत ठरलेली होती. फळी आडवी, पट्ट्यांवर, वर वजनं ठेवून असायची. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री वजनं उतरवायचे, बायकोला हाक मारायचे आणि दोघं मिळून फळी उभी करून भिंतीला टेकवायचे. "लाकूड उभं बघावं," ते म्हणत, "आडवं तर मढंही असतं." बायको तिथेच पॉलिशचं काम करायची, तीस वर्षं. पॉलिशचे हात पुसत ती यायची, एक टोक उचलायची, आणि काही न बोलता परत जायची.

दातांचा डॉक्टर आला. त्याला फळी मधोमध चिरून त्यात निळ्या रंगाचं काचेसारखं काहीतरी ओतून हवं होतं, नदी वाहते आहे असं वाटावं म्हणून. मिस्त्रींनी त्याला शांतपणे विचारलं, "तुम्ही पेशंटचा चांगला दात मधोमध चिरून त्यात निळं भरता का?" डॉक्टर पुन्हा फिरकला नाही. हॉटेलवाला आला, त्याला गल्ल्यासमोर काउंटर हवा होता. त्याच्यावर लोक ओले पेले ठेवतील एवढंच मिस्त्रींना ऐकू आलं. जावई आले, त्यांनी मोबाइलवरच माप घेतलं आणि टीव्हीखाली ठेवायला कपाट सुचवलं. जावयाला उघड बोलता येत नाही, म्हणून मिस्त्री नुसते हसले. ते हसणं शिवीपेक्षा वाईट होतं.

गिऱ्हाईक गेलं की मिस्त्री खुर्चीत बसून त्याची सालं काढायचे. "उंटावरचे शहाणे," इथून सुरुवात व्हायची आणि संध्याकाळपर्यंत चालायची. दुसऱ्या दिवशी शेजारचा लोहार आला की त्याला तेच नव्याने. फळी तोवर भिंतीला टेकलेली. चार दिवस, कधी आठवडा. खाली हात-पाय धुवायचा नळ होता, तिथली फरशी कायम ओली.

मुलगी दर वर्षी एकदा विचारायची, "बाबा, टेबलाचं काय ठरलं?" आणि मिस्त्री म्हणायचे, "घाईचं काम सैतानाचं. लाकूड ठरवेल."

या वर्षी मुलीने विचारलं नाही, सांगितलं. जावयाची बदली झाली होती, महिनाअखेर सामान हलणार होतं. "द्यायचं असेल तर आता द्या, बाबा. त्या गावाहून मी न्यायला येणार नाही."

मिस्त्रींचा उजवा हात वर्षभरापासून थरथरत होता. हे फक्त त्यांना आणि बायकोला ठाऊक होतं. हात अजून वर्षभर साथ देईल, फार तर दोन. एवढ्यात नाव राहील असं एकच काम होणार, हे त्यांना रात्रंदिवस टोचत होतं. मुलीचा फोन ठेवून त्यांनी ठरवून टाकलं. टेबलच. सात फुटांचं, दोन्ही कडा तशाच. ठरवताना सुद्धा, मुलगी असली तरी तिला शेवटी टेबलापलीकडे काही सुचलं नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

फळी त्यांनी लाकडी घोड्यांवर आडवी घेतली आणि चार कोपऱ्यांतून दोन दोऱ्या तिरक्या ताणल्या. दोऱ्या मधे एकमेकींना टेकल्या तर फळी सपाट. टेकल्या नाहीत. मधे अंगठा सहज जाईल एवढी फट होती.

त्यांनी दोऱ्या सोडल्या, पुन्हा ताणल्या. फट तेवढीच. फळीला पीळ बसला होता. तो रंध्याने काढायचा तर दोन इंचांतलं हातात राहील ते टेबल नव्हे, पुठ्ठा.

"वखारवाल्याने फसवलं," मिस्त्री म्हणाले. "झाड उतारावरचं असणार."

बायको डब्यात ब्रश धूत होती.

"नाहीतर ही जमीन. इथली जमीनच सरळ नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं," बायको म्हणाली.

मिस्त्री वळले. तीस वर्षांत ती कारखान्यात असं बोलली नव्हती.

"ओली होती तेव्हापासून तुम्ही ती उभी करताय," ती म्हणाली. "डॉक्टर गेला, पाच दिवस उभी. हॉटेलवाला गेला, आठवडाभर उभी. खाली नळाचं पाणी. नवशिक्याने फळी भिंतीला टेकवली असती तर तुम्ही त्याला हाकलून दिलं असतं."

"मग तेव्हाच बोलायचं होतंस."

"बोलले होते. पॉलिशवालीने पॉलिश बघावं म्हणालात." तिने ब्रश झटकला. "मी पॉलिश बघितलं."

मिस्त्रींना राग यायला हवा होता. तो आलाही, पण कुणावर काढावा ते कळेना. एकामागून एक सगळी तोंडं त्यांना आठवली, डॉक्टर, हॉटेलवाला, जावई. त्यांच्यापैकी कुणाच्याही हाती ही फळी दिली असती तर आज ती कशाच्या तरी उपयोगाला आली असती. ती वाया घालवायला अकलेचा खरा कांदाच लागत होता, आणि तो घरातच निघाला. त्यांना स्वतःची किळस आली.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. मिस्त्रींनी तिला दोऱ्या दाखवल्या, फट दाखवली. "चूक माझी," ते दोऱ्यांकडे बघत म्हणाले.

मुलगी रडली नाही, चिडली नाही. तिला नवलही वाटलं नाही. "मला ठाऊक होतं, टेबल होणार नाही," ती म्हणाली. "चौथ्या-पाचव्या वर्षीच कळलं होतं."

"मग दर वर्षी विचारायचीस कशाला?"

"विचारलं नसतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

आयुष्यभर मिस्त्रींनी लोकांची कीव केली होती. आपली पोर पाच वर्षं आपली कीव करत होती, हे त्यांना आज कळलं. ते स्टुलावर बसले. हात थरथरत होता, तो त्यांनी लपवला नाही. मुलीने तो पाहिला आणि आईकडे पाहिलं.

मग मिस्त्रींनी सांगितलं की लांब फळीत जो पीळ आहे तो आखूड तुकड्यात फारसा राहत नाही. तीन फुटांचा तुकडा नीट सपाट होईल, जाडीही राहील.

"मग बाक करा," मुलगी म्हणाली. "दाराशी ठेवायला. बूट घालताना बसायला काही नसतं, भिंत धरून एका पायावर नाचावं लागतं."

नऊ वर्षांत इतकं हलकं काम मिस्त्रींना कुणी सुचवलं नव्हतं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली.

"उंची किती ठेवू?"

मुलगी गोंधळली. "तुम्हालाच ठाऊक ना, बाबा."

"नाही ठाऊक. इथे बस."

ते उठले, ती त्यांच्या जागी बसली. मिस्त्री खाली गुडघ्यावर आले आणि त्यांनी तिच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत टेप धरला. टेप हलत होता, म्हणून मुलीने त्याचं वरचं टोक दाबून धरलं.

"सतरा," मिस्त्री म्हणाले.

"सोळा करा," बायको मागून म्हणाली. "बूट घालायचेत तिला, जेवायचं नाही."

मिस्त्रींनी फळीवर सोळा लिहिलं.