आतल्या कप्प्यातला कागद

मी एक जुनी चामड्याची बॅग आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मला ‘बिचारी’ म्हणायचं नाही. माझं एक बक्कल तुटलंय, पट्ट्याला दोन ठिकाणी सुतळी आहे, हे खरं. पण तुमच्या त्या चेनवाल्या बॅगा वर्षभरात मान टाकतात. मी आमदाराची बॅग होते. पंधरा वर्षं सभागृहात बसले, तेही बाकावर, पायाशी नव्हे.

चौकात दोन दुकानं भिंतीला भिंत लावून होती. एक सायकल दुरुस्तीचं, दुसरं जोडे शिवण्याचं. आमचे सायकलवाले मोठे उपद्व्यापी. पंक्चर काढता काढता लोकांचे अर्ज लिहायचे आणि ते घेऊन कचेरीत जाऊन ठाण मांडायचे. शेवटी लोकांनीच त्यांना निवडणुकीला उभं केलं आणि गंमत बघा, ते निवडूनही आले. तेव्हा शेजारच्या जोडेवाल्यांनी सायकलच्या सीटांसाठी आणलेल्या कातड्यातून मला शिवलं. आतून एक छोटा कप्पा ठेवला आणि म्हणाले, “गड्या, यात लोकांचं राहिलेलं काम ठेवायचं. काम झालं की कागद काढायचा. हा कप्पा रिकामा होईल त्या दिवशी सुखानं झोप.”

सायकलवाल्यांनी तो शब्द पाळला. शाळेचं छप्पर, पाण्याची टाकी, कुणा विधवेचं अडलेलं पेन्शन, सगळे कागद माझ्या पोटात आले आणि एकेक करून बाहेर पडले. समोरच्या बाकांवरचे लोक त्यांना ‘पंक्चरवाले’ म्हणून चिडवायचे. ते हसून म्हणायचे, म्हणूनच हवा कुठून जाते ते मला लगेच कळतं. काय दिवस होते ते! आठवले की अजून माझं कातडं ताठ होतं.

एक कागद मात्र निघेना. ओढ्यापलीकडच्या वस्तीला साकव हवा होता, माणूस आणि सायकल जाईल एवढा छोटा पूल. वस्तीवर जाणाऱ्या नर्सबाई, सगळे त्यांना सिस्टर म्हणत, औषधांची पेटी डोक्यावर आणि सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायच्या. सायकलची साखळी सदा गंजलेली. एकदा पूर आला, तेव्हा एका बाईचं बाळंतपण त्यांनी या काठावरून ओरडून ओरडून करवलं. बाळ वाचलं ते नशीब. दुसऱ्या दिवशी सायकलवाल्यांनी स्वतःच्या हातानं तो अर्ज लिहिला.

आता सभागृहाची रीत सांगते. तिथे प्रश्नांचा एक तास असतो. प्रश्नांना नंबर असतात. अध्यक्षांनी तुमचा नंबर आणि नाव पुकारलं की तुम्ही जागेवर उभं राहायचं. मग मंत्र्यांना उत्तर द्यावंच लागतं. तुम्ही जागेवर नसलात, तर प्रश्न गेला.

साकवाचा प्रश्न शेवटच्या अधिवेशनात लागला. नंबर नववा. सायकलवाले एवढे खूश की वस्तीचे बारा जण त्यांनी ऐकायला बोलावले, सिस्टरही आल्या. तास सुरू झाला आणि शिपाई चिठ्ठी घेऊन आला, पाहुणे फाटकावर अडकलेत, पासांवर तुमची सही नाही. घाईत सही करायचीच राहिली होती! त्यांनी हिशेब केला, तासात पाच-सहा प्रश्नांपुढे गाडी कधी जात नाही. मला जागेवर ठेवलं आणि ते धावले.

त्या दिवशी मेलं सगळंच उलटं. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, ओळीनं चारही जण गैरहजर. नंबर पटापट पुढे सरकले. नववा पुकारला. नाव पुकारलं. मी बाकावर, प्रश्न माझ्या पोटात, आणि मला ना पाय ना तोंड. अध्यक्ष म्हणाले, हजर नाहीत, पुढचा. वर प्रेक्षकांच्या सज्जात वस्तीची माणसं नुकती टेकत होती. त्यांना दिसली ती रिकामी जागा आणि मी.

बाहेर आल्यावर कुणी रागावलं नाही. सिस्टर एवढंच म्हणाल्या, “साहेब, आम्हाला आत घ्यायला गेलात, आणि आत तुम्हीच नव्हतात.”

तीन महिन्यांत निवडणूक झाली. विरोधात उभे राहिलेले पेट्रोलपंपवाले जिंकले, सायकलवाले पडले. वस्तीनं मात्र झाडून सारी मतं सायकलवाल्यांनाच दिली होती. ते कळलं तेव्हा माझे धनी माझ्यावर हात ठेवून लहान पोरासारखे रडले.

मग पुन्हा दुकान. मला खिळ्याला टांगलं. माझ्यात धन्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, विजेची बिलं भरली, कुणी पाने-पकडी कोंबल्या. आतला कप्पा कुणी उघडला नाही, धन्यांचा तर हातच होईना. पण सकाळचे अकरा वाजले, प्रश्नांचा तास लागायची वेळ झाली, की पंप मारणारा त्यांचा हात थांबायचा. मीही खिळ्यावरून घड्याळाकडे बघायची. आम्ही दोघं एकाच जागेसाठी झुरत होतो आणि एकमेकांना सांगत नव्हतो. अशी सहा वर्षं गेली.

एके दिवशी सिस्टर साखळी बदलायला आल्या. म्हणाल्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिली, तो कागद आहे का हो अजून? धन्यांनी मान खाली घातली. म्हणाले, आता मी कोण? सिस्टर म्हणाल्या, “आमदार नसाल. पण फाटकाची वाट तुम्हालाच ठाऊक आहे.”

मग त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, तेल लावलं, आणि ज्यांनी हरवलं त्याच, पुन्हा निवडून आलेल्या पेट्रोलपंपवाल्यांच्या ओसरीवर इतर अर्जदारांबरोबर जाऊन बसले. एकदा नव्हे, पाच वेळा. पाचव्यांदा त्यांनी साकवाचा प्रश्न आपल्या नावानं घेतला.

प्रश्नाच्या दिवशी आम्ही पुन्हा त्या फाटकावर गेलो. मला वाटलं, आता बाक, आता माझी जागा. माजी आमदारांना वेगळं दार असतं, पण धनी वस्तीच्या माणसांबरोबर रांगेत उभे राहिले. पहारेकऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं, बॅग आत नाही न्यायची. मला फळीवर ठेवून धन्यांच्या हातात एक बिल्ला दिला. पंधरा वर्षांची माझी जागा शंभर पावलांवर होती हो! पुकारा तिथवर आला नाही. तासाभरानं धनी आले, बिल्ला दिला आणि मला छातीशी धरून हळूच म्हणाले, “उठले पेट्रोलपंपवाले. मंत्री हो म्हणाले.”

पुढच्या वर्षी सिस्टर दुकानात आल्या, नव्या साकवावरून, सायकलवर बसूनच. धन्यांनी सवयीनं साखळीला हात लावला. ती कोरडी होती.

त्यांनी आतल्या कप्प्यातला कागद काढून सिस्टरांना दिला. शेजारचे जोडेवाले आता फार म्हातारे झालेत. ते काठी टेकत आले, कप्प्यात बोटं फिरवली आणि म्हणाले, “जा, झोप आता.” आणि धनी भर दुपारी दुकानातल्या खुर्चीत खरंच झोपले.

मी परत खिळ्यावर आहे. बाकाची ओढ काही सुटत नाही, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, घरात माझ्यासारखी एखादी जुनी बॅग असेल, तर भंगारात द्यायच्या आधी तिला थोडं तेल लावा आणि आतल्या कप्प्यात एकदा हात घाला. कुणीतरी अजून काठावर उभं असेल.