काचकागदाच्या काड्या

मरियमबाईंच्या पत्राला मी उत्तर लिहिले नव्हते. पत्र राजूरहून आले तेव्हा लढाई चालू होती आणि रॉकेलपासून कागदापर्यंत सगळ्याचीच टंचाई होती. पण उत्तर न लिहिण्याचे कारण ते नव्हे. पत्रात एक प्रश्न होता, आणि त्याला 'हो' म्हणावे की 'नाही' हे मला ठरवता येत नव्हते.

मरियमबाई आणि मी नगरच्या मिशन शाळेत बरीच वर्षे बरोबर शिकवत होतो. नोकरी संपल्यावर त्या राजूरला भाच्याकडे गेल्या, आणि तिथे त्यांची दृष्टी गेली. पत्रातले अक्षर भाच्याचे होते, बोलणे मात्र बाईंचेच.

"यशया मास्तर, मला वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत. पण दुसऱ्याने वाचले की त्याच्या घाईने ऐकावे लागते. एखाद्या शब्दापाशी थांबावेसे वाटले तर वाचणारा तोवर पुढच्या ओळीत गेलेला असतो. टिंबांची लिपी असते म्हणतात. ती शिकायला या वयात मला मुंबईला कोण नेणार? माझ्या बोटांना आपली जुनी अक्षरे ठाऊक आहेत. तुम्ही पहिलीच्या मुलांसाठी चाकूने लाकडी अक्षरे कोरत होता. तशी माझ्यासाठी होतील का?"

माझी ती अक्षरे ओबडधोबड होती. मुलांना चालून गेली. पण ज्या माणसाला आता बोटांवरच सगळा भरवसा ठेवायचा आहे, त्याच्या बोटात माझ्या हातची कुसळे जाणार, हे मला सहन होईना. आधी नमुना करून पाहू, मग लिहू, असे मी ठरवले.

आमच्या आळीच्या तोंडाशी भिमाजी सुताराचे दुकान होते. त्याने शिवणीच्या लाकडाचे तुकडे दिले. शिवण मऊ, चाकूला वश होणारी. अक्षरे कोरून झाली. अडले ते घासण्यापाशी. 'व'चे पोट, 'थ'ची गाठ, 'भ'च्या आतली खाच, तिथे बोट जात नाही, मग बोटाभोवती गुंडाळलेला काचकागद कसा जाणार? शिवाय बाजारात काचकागद मिळतच नव्हता. भिमाजीकडे होता तो तळहाताएवढा, झिजून गुळगुळीत झालेला.

मी आयुष्यभर पुस्तके वाचली, पण खरखरीतपणा कशाने येतो याचा कधी विचार केला नव्हता. आता त्याशिवाय दुसरे काही सुचेना. कंदिलाची फुटलेली काच कुटून, कापडातून चाळून, सरस लावलेल्या कागदावर भुरभुरली तर? मी माझी पत्नी दया हिच्याकडे खलबत्ता मागितला.

"काच कुटायला?" ती म्हणाली. "त्यात मी वेलदोडे कुटते. उद्या चहात काच लागली तर कुणाला सांगू, मास्तरांनी शोध लावलाय म्हणून?"

शेवटी परसातल्या दगडावर, ओल्या फडक्याखाली काच कुटली. दयाने जुन्या धोतराचा तुकडा चाळायला दिला, आणि शिंकलात तर चाळण फेकून देईन असे बजावले.

तयार झालेला काचकागद मी बांबूच्या काड्यांवर चिकटवला. एक काडी चपटी, एक गोल, एक टोकाला निमुळती. बारीक छिद्रांसाठी दोरा सरसात बुडवून चाळलेल्या काचेत लोळवला. तो वाळल्यावर छिद्रातून ओवून मागे-पुढे ओढला की आतली कड साफ होई. शेवटच्या हातासाठी परसातल्या पारिजातकाचे पान. त्या फुलांचे कौतुक सगळेच करतात, पण पानावरून उलटे बोट फिरवून पाहा. हिरवे पान लाकडावर डाग पाडते, पुरते वाळलेले चुरगळते. जाड शब्दकोशाखाली ठेवून निम्मे वाळू दिलेले पान मात्र काडीवर चिकटवले की लाकूड असे उतरते, की आपण घासतो आहोत की कुरवाळतो आहोत हे कळत नाही.

भिमाजी एकदा डोकावला. "मास्तर, हे काय, दात कोरायच्या काड्या का?"

"घासायच्या आहेत."

"मुंगीचं फर्निचर करताय म्हना की!" तो हसला, पण पानाची काडी उचलून त्याने आपल्या नखावर घासून पाहिली आणि जाताना खिशात टाकली. मला बरे वाटले. लगेच शंकाही आली, की ती त्याने दातांसाठीच नेली असावी.

अक्षरे घासताना एक चटक लागते. थोडे घासले की आणखी थोडे घासावेसे वाटते. कुठे कड टोचू नये, कुठे कोपरा लागू नये. मी प्रत्येक अक्षर गालावर फिरवून पाही. मुळाक्षरांचा संच पुरा झाला तेव्हा डोळे मिटून एकेक हातात घेतले आणि सगळी ओळखली. आता बाईंना 'हो' लिहायला हरकत नाही, असे वाटले. पण ती अक्षरे मीच कोरली होती आणि मीच ओळीने मांडली होती. माझ्या परीक्षेवर माझा विश्वास बसेना.

दया ओसरीत तांदूळ निवडत होती. तीही शाळा शिकलेली. मी सूप बाजूला सारले आणि अक्षरांची टोपली तिच्या मांडीवर ठेवली.

"डोळे बांध आणि सांग."

तिने पदर डोळ्यांवर घट्ट ओढला आणि एक अक्षर उचलले. "बोर."

"अगं, अक्षर सांग."

"सांगते की. हे बोर. हेबी बोरच. हा चिंचोका." तिने हसत आणखी एक उचलले आणि मग हसू आवरले. बोट सगळीकडून फिरवले. "अहो, खरंच कळत न्हाई. सगळं कसं लोण्यावानी लागतंय. कुठं सुरू झालं न् कुठं वळलं, त्याचा पत्ता न्हाई."

माझ्या लक्षात आले. बोटाला कळतात त्या कडा, आणि टोचू नयेत म्हणून त्याच मी घासून टाकल्या होत्या. आपण दुसऱ्यासाठी काही करायला गेलो की असेच होते, हे मला आधीच ठाऊक असायला हवे होते. बाईंना 'नाही' लिहायचे, तेही आजच, असे म्हणून मी टोपली उचलू लागलो.

"थांबा, हे काय हाय?" दयाचा हात टोपलीत अक्षरांखाली राहिलेल्या काड्यांवर पडला होता. पदर अजून डोळ्यांवरच होता. "ही काचेची, चपटी. ही पानाची. हा तुमचा दोरा. आन् ही काचेचीच, पण झिजलेली. हिच्यानं आता काम व्हायचं न्हाई. टाकून द्या."

"कशावरून ओळखलंस?"

"बोटाला लागतंय की! लाकूड संपलं न् खरखर सुरू झाली, की कळतंच."

मी तिच्या हातातली काडी घेतली आणि बोट फिरवले. बांबू गुळगुळीत, मग खरखर, मग पुन्हा बांबू. ती खरखर नुसती चौकोनी नसती, तिला 'म'चा आकार असता, तर?

त्या दुपारी जेवण राहिले. काच बाईंच्या बोटाला नको, म्हणून मी सीना नदीची वाळू आणून धुतली आणि त्याच धोतराच्या दुसऱ्या, कोऱ्या तुकड्यातून चाळली. भिमाजीने सरस तापवून दिला आणि एक पातळ लाकडी पाटी रंधा मारून दिली. पाटी मी काचेने, मग पानाने घासली. इथे लोणी चालणार होते. तिच्यावर कुंचल्याने सरसाचा 'म' काढला आणि दयाने चिमटीतून वाळू सोडली. वाळल्यावर फुंकर घातली. 'म' होता, पण ओघळलेला. कडेला वाळूचे चुकार कण पसरले होते. ते काढायला निमुळती काडी कामी आली. अक्षराला हात न लावता भोवतीचे तेवढे साफ करायचे. घासायचे कुठे, हे ठाऊक असून भागत नव्हते. थांबायचे कुठे, हे हाताला हळूहळू कळत गेले.

मग मोठ्या पाटीवर बाईंना उत्तर लिहिले. ते काय आहे हे दयाला सांगितले नाही. पाटी वाळल्यावर तिला पुन्हा डोळे बांधायला लावले.

"म... रि... य... म," तिचे बोट सावकाश सरकत होते. "मरियमबाईंस." मग दुसऱ्या ओळीवर. "थां... बा... थांबावेसे वाटेल..." बोट तिथेच राहिले. हलेना. 'वाटेल'चा 'ल' बिघडला असावा, असे मला वाटले.

"तेथे," मी हळूच सुचवले.

"बोलू नका हो मधी," ती म्हणाली. "अडले न्हाई. मी थांबलेय."

थोड्या वेळाने तिने बोट पुढे नेले आणि उरलेले वाचले. "तेथे थांबा." मग पदर सोडून माझ्याकडे पाहिले. "एवढंच? एवढ्यासाठी बाईंना इतकं ताटकळत ठेवलंत?"

"आणखी पाट्या पाठवीन. आधी ही वाचता येते का, ते कळू दे."

"येतीय. मला आली न्हाई का?"

पाटीवर कापूस घालून दयाने ती मांजरपाटात शिवली. कापडावर मी शाईने राजूरचा पत्ता लिहिला आणि पोस्टात गेलो. कारकुनाने पुडके तोलले.

"काय आहे आत?"

"पत्राचं उत्तर."

"उत्तर? असलं कडक?" त्याने ते टिचकी मारून पाहिले. तिकिटे चिकटवली आणि शिक्का उचलला.

"जरा हळू मारा," मी म्हणालो. मला फार संकोच वाटत होता, पण म्हणालो. "खाली अक्षरं आहेत."

त्याने माझ्याकडे पाहिले, पुडके फिरवून ओली तिकिटे अगदी कडेला सरकवली, आणि शिक्का नुसता टेकवला. मग उचलून ते राजूरच्या थैलीत ठेवले.