परचुऱ्यांनी वाचवलेली बाग

‘आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही. आणि बसलाच, तर मला तुमची काळजी वाटेल,’ असं दत्तप्रसाद परचुऱ्यांनी जाहीर केलं, तेव्हा कोथरूडच्या त्या मंगल कार्यालयात पहिली पंगत उठायची वाट बघत बसलेल्या चार-पाच जणांनी आपापल्या खुर्च्या पुढे ओढल्या. मुलाकडची मंडळी होती, परचुऱ्यांना नवीन. हिराताई गजभियेंनी मात्र खुर्ची जागची हलवली नाही. धायरीच्या सोसायटीत परचुऱ्यांच्या समोरच्या दारात त्यांनी उभा जन्म काढला होता. परचुऱ्यांच्या गोष्टीला कसं बसायचं ते त्यांना ठाऊक होतं. पाठ टेकून आणि तोंड मिटून.

पण गोष्ट निघाली ती बागेची, आणि हिराताईंची पाठ खुर्चीपासून सुटली.

परचुरे म्हणाले, आमच्या इमारतीमागची ती जागा इतकी भिकार होती की वरून जाणारा कावळासुद्धा तेवढ्यापुरता श्वास रोखून धरायचा. बिल्डरने उरलासुरला राडारोडा तिथं लोटलेला. आम्ही खणायला घेतलं तर कमोडच कमोड. इतके की त्यांच्या जोरावर खडकवासल्यापर्यंतची गावं हागणदारीमुक्त झाली असती.

मंडळी हसली. कमोड होते हे खरं, तीन-चार होते. ते हिराताईंनी पहारीने उपसून काढले होते, आणि उचलून न्यायला कुणी हात लावेना म्हणून त्यातच कोरफड लावून टाकली होती. परचुरे त्या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चहा पीत उभे होते. पहार जरा तिरकी धरा, असा सल्लाही त्यांनी वरून दिला होता. गोष्टीत मात्र सगळीकडे ‘आम्ही’ होतं. आम्ही खणलं, आम्ही खत घातलं, आम्ही पाणी दिलं. हिराताईंनी तो ‘आम्ही’ मनातल्या पाट्यावर घेतला आणि वाटायला सुरुवात केली.

ती बाग मुळात लावली गेली तीच रागाने. मागे उंदीर झालेत, डास झालेत, असं हिराताई कमिटीला सांगायच्या आणि कमिटी ‘बघू’ म्हणायची. बघायला मात्र कुणी कधी मागे गेलं नाही. सरकारी दवाखान्यातल्या लॅबमधून निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात हिराताईंनी पहार विकत आणली. नवरा सीताराम म्हणाला, ‘चला, तुझ्या रागाला हक्काची जागा मिळाली.’ मग तोच धायरी गावठाणातल्या गोठ्यांवरून शेणखताची पोती स्कूटरवर पायापाशी ठेवून आणू लागला. पुढं सोसायटीत त्याच्याकडे कुणी लिफ्ट मागितली नाही.

पहिली दोन वर्षं मुरमाने लावलं ते सगळं थुंकून टाकलं. हिराताई रोज जाऊन त्या जमिनीला वऱ्हाडीत शिव्या घालायच्या आणि घरचा ओला कचरा पुरायच्या. मग तगर जगली. तिच्या आडोशाने जास्वंद उभी राहिली, पारिजातक वाढला, मोगऱ्याने कडेकडेने हातपाय पसरले. सोनचाफा मात्र वर्षानुवर्षं नुसता पानांवर राहिला. सीताराम गेला, आणि त्याच्या मागोमाग आठवड्याभरात चाफ्याला पहिली कळी आली. हिराताई त्या झाडाशी महिनाभर बोलल्या नाहीत.

यातलं परचुऱ्यांच्या गोष्टीत काही नव्हतं. त्यांच्या गोष्टीत दुधीचा वेल होता. तो म्हणे चौथ्या मजल्यापर्यंत चढला, जिन्याने नव्हे, पाइपावरून. तिथल्या बाई गॅसपाशी उभ्याउभ्या खिडकीतून हात काढून दुधी कापायच्या, आणि कोफ्ते तळून होईपर्यंत दुसरा धरलेला असायचा. पपई लिफ्टने वर न्यायची तर तिच्यासोबत माणूस मावायचा नाही, ती एकटीच जायची. एक तरुण बाई डोळे पुसत हसत होती. मुलाचे मावसभाऊ सलिल म्हणून होते, ते मात्र मन लावून ऐकत होते. आमच्याही सोसायटीत अशीच झाडं आहेत, ते म्हणाले, आणि येत्या रविवारी मीटिंग आहे, झाडं ठेवायची की पार्किंग करायचं.

‘मग पुढचं नीट ऐका,’ परचुरे म्हणाले.

हिराताई खुर्चीच्या कडेवर आल्या. पुढचं काय ते त्यांना रोज गॅलरीतून दिसत होतं. पेव्हर ब्लॉक, त्यावर पिवळे पट्टे, पट्ट्यांत गाड्या. बाग उरली नव्हती. ती कशी गेली, एवढंच त्यांच्यापाशी उरलं होतं, आणि आता हा माणूस तेही उचलून न्यायला बसला होता.

आधी फुलांचं सांगावं लागलं परचुऱ्यांना, ते त्यांनी भक्तिभावाने सांगितलं. पहाटे सगळी सोसायटी बागेत लोटायची. देवासाठी फुलं न्यायला परवानगी कसली लागते, देवाची फुलं ती. पुण्यातली माणसं असंच मानतात. एरवी दुसऱ्याच्या दारातल्या वर्तमानपत्राला बोट न लावणारा सभ्य गृहस्थ पहाटे हातात पॉलिथिनची पिशवी आणि तारेची आकडी घेऊन निघाला, की कुणाच्याही कुंपणावरून फांदी वाकवतो आणि पुण्य बांधून घरी नेतो. कुणी हटकलं तर हटकणाराच नास्तिक. परचुऱ्यांच्या सुशीलाबाई तर कळ्याही सोडायच्या नाहीत, उद्या उमलतील म्हणून. हिराताईंच्या घरचा चहा सुशीलाबाईंच्या घशाखाली कधी उतरला नव्हता. नेमका त्या दिवशी उपास असायचा, सोमवार असो नाहीतर बुधवार. फुलं मात्र चालायची. फुलाला काही लागत नाही. हिराताईंना बुद्धापुढे ठेवायला ओंजळभर तगर मिळायची, ती सगळ्या सोसायटीचे देव सजून झाल्यावर.

तरी त्या बोलल्या नव्हत्या. त्यांना वाटायचं, जी माणसं रोज इथून नेतात ती निदान बागेला मरू तर देणार नाहीत.

आणि मग घरोघरी दुसरी गाडी आली. वार्षिक सभेत पार्किंगचा ठराव आला आणि रोज पिशवी भरून नेणारे सगळे हात एकदम वर झाले. परचुऱ्यांचा हात सर्वांत उंच होता. आपण फुलं कुठून आणतो हे त्या हातांना त्या संध्याकाळी आठवलं नाही. हिराताई एकट्या विरोधात, आणि त्यांचं भाषण अध्यक्षांनी ‘वैयक्तिक’ म्हणून थांबवलं.

परचुऱ्यांच्या गोष्टीत हा हात नव्हता. तिथं पहाट झाली होती आणि फाटकाशी जेसीबी धडधडत होता. त्यांनी आवाज खाली आणला. त्या दिवशी म्हणे बागेत एकही फूल उमललं नाही. जास्वंदीच्या कळ्या मुठी आवळाव्यात तशा मिटलेल्या. पारिजातकाखाली सडा नाही. मोगऱ्याला वास नाही. बायका रिकाम्या पिशव्या घेऊन उभ्या, वर घरोघरी देव ताटकळलेले. हे बघून जेसीबीचा ड्रायव्हर, बजरंग नावाचा, खाली उतरला, चपला काढल्या, झाडांना हात जोडले आणि यंत्र उलटं फिरवून गेला. अध्यक्षांनी तिथंच ठराव फाडला. ‘आणि दुसऱ्या दिवशी साहेब, एवढं फुललं, एवढं फुललं की आम्हाला दारं उघडता येईनात.’

कुणीतरी टाळी वाजवली. सलिलांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. ते म्हणाले, बरं झालं ऐकलं. मी रविवारच्या मीटिंगला जाऊन भांडणार होतो, उगाच सगळ्यांशी वाकडं. पण झाडं आपलं आपण बघून घेतात म्हणायची.

‘बघतात ना,’ परचुरे म्हणाले. ‘माणसाने फक्त श्रद्धा ठेवायची.’

‘खोटं.’

आवाज मोठा नव्हता, पण वाढपी भांडं घेऊन जागीच थबकला. हिराताई उभ्या राहिल्या होत्या. परचुऱ्यांनी ‘अहो, गंमत हो’ म्हणून हसायचा प्रयत्न केला. हिराताईंची सगळी पुणेरी मराठी एव्हाना गळून पडली होती.

‘काऊन खोटं बोलता, परचुरे? फुलं उमलली होती. रोजच्यापेक्षा जास्तच उमलली होती. यंत्र यायच्या आधी तुम्ही दोघं नवराबायको मोठ्या पिशव्या घेऊन खाली आले. सुशीलाबाईंनं खालच्या फांद्या झाडल्या, तुम्ही आकडीनं वरच्या. चाफ्याची तर फांदीच मोडली. मी गॅलरीत उभी होती. तुम्ही वर पाहून मले हात केला, अन् म्हणाले, हिराताई, नाहीतरी वायाच जाणार.’