अर्धमुख

नाशिकच्या भद्रकालीत इब्राहिम कागदाच्या लगद्याचे मुखवटे बनवायचा. १९३४ साली खंडेरावांच्या नाटक कंपनीसाठी त्यानं स्वतःच्या डोक्यातून एक राक्षस घडवला, अर्धमुख. उजवी बाजू देखण्या माणसाची, डावीकडे लोंबता ओठ आणि कधीच न मिटणारा डोळा. अर्धमुख रंगमंचावर आला की पोरं किंचाळायची आणि इब्राहिम खूश व्हायचा.

त्याच हिवाळ्यात त्याच्या बायकोच्या, अनवरीच्या तोंडावरून वारं गेलं. डावा ओठ लोंबला, डोळा मिटेना. ती पाण्याला निघाली, तर गल्लीतली पोरं ओरडली, "अर्धमुख आला रे!"

इब्राहिम तडक खंडेरावांकडे गेला. "मालक, मुखवट्याची डावी बाजू बदलून देतो. फुकट देतो."

खंडेराव हळहळले. "इब्राहिमभाई, लोक तीच बाजू बघायला येतात. आणि बदलली, तरी पोरं विसरतील का?"

तो घरी आला. अनवरी भिंतीकडे तोंड करून चहा पीत होती. निम्मा चहा ओठातून गळत होता.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

तो तिची हनुवटी पुसायला वाकला. तिनं त्याचा हात बाजूला सारला आणि पदरानं स्वतःच पुसून घेतलं.