चोळायचं नाही

“अहो छबुकाकू, चोळू नका म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना!” मी ओरडले, तोवर काकूंचा तेलाचा हात सुनेच्या पोटावर फिरलासुद्धा होता.

दुसऱ्या दिवशी तिथं हा एवढा निळा डाग. काकू घाबरल्या. सुई टोचली की चोळायचं, मुका मार लागला की चोळायचं, बाळंतिणीला तर सव्वा महिना चोळायचं. या बाईनं जन्मभर दुसरं औषध केलं नव्हतं. शिरूर कासारात आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाळंतिणी त्यांच्या हाताखालून गेल्या. मीसुद्धा. भिंतीला भिंत लागून आमचं किराणा दुकान आहे.

त्यांची सून सत्यशीला. मूल होईना म्हणून बीडला उपचार घेतले. दिवस राहिले, गर्भ पडला. पुन्हा राहिले, पुन्हा पडला. मग रक्त तपासलं तेव्हा कळलं, हिचं रक्त लवकर गोठतं, वारेत गुठळ्या होतात आणि बाळाला काही पोचतच नाही. म्हणून या खेपेला रोज पोटात रक्त पातळ करायचं इंजेक्शन. टोचायचं काकूंनीच, कारण सुई बघितली की सत्यशीला डोळे गच्च मिटून घ्यायची.

सत्यशीलेच्या पोटावरचे डाग पाहून नळावर बायका कुजबुजल्या, काकूंचा हनुमान बायकोला मारतो की काय! काकूंनी हंडा दाणकन खाली ठेवला.

“माझ्या लेकाचं नाव घेऊ नका. ते डाग म्या केलेत. नातवंडासाठी केलेत, आन् करनार!”

दसरा झाला आणि टोळी जमवणारा उत्तरेश्वर मुकादम दारात उभा. आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एकट्या गड्याचा अर्धा, आणि अर्ध्याला टोळीत कुणी विचारत नाही.

“हनुमान्या, बायकू कावून येत न्हाई बे? तोडू नको म्हनावं, नुसत्या मोळ्या बांधंल. त्या सुया-बिया बंद करा आता.”

हनुमाननं मान खाली घातली. असा संताप आला मला! एक दिवसही चुकवायचं नाही, आणि कुठं कापलं तर रक्त लवकर थांबायचं नाही, असं बीडला बजावून सांगितलेलं. उसाच्या नुसत्या पाचटानं अंग चिरतं. सत्यशीला दाराआड पोटावर हात धरून उभी होती.

काकूंनी आढ्याला खोचलेला कोयता काढला, अंगठ्यानं धार पाहिली.

“कोयता पुरा हाय, मुकादम. माय आन् लेक.”

“काकू, गुडघे चालत्यात का तुमचे?”

“गुडघ्यानं ऊस तोडत्यात का रं?”

मुकादम गेल्यावर माझ्याशी हळूच बोलल्या, “कावेरी, फडात पाळीचा खाडा नको म्हनून माझी पोटातली पिशवी तिशीच्या आत काढली. तवा माझ्यासाठी कुनी तोंड उघडलं न्हाई. हिला मी हाय.”

निघायच्या दिवशी प्रश्न पडला, सुई कोण टोचणार? मी पुढं झाले. काकूंनी मला मागं सारलं आणि सुई सुनेच्या हातात दिली.

“घे. मी तिकडून कुटवर पुरनार तुला?”

सत्यशीलेनं डोळे मिटले, उघडले, पोट चिमटीत धरलं आणि टोचलं. मग काकू ट्रॅक्टरवर चढल्या.

रोज संध्याकाळी फडातून फोन यायचा.

“टोचलं का?”

“टोचलं.”

“चोळलं न्हाई ना?”

“न्हाई, आत्याबाई.”

एवढंच. स्वतःच्या गुडघ्यांचं अवाक्षर नाही. काय बाई म्हणायची ही!

संक्रांतीनंतर मुलगी झाली, गुटगुटीत. पाडव्याला टोळी परतली. काकू वाळून काष्ठ झाल्या होत्या, हातांना चिराच चिरा. नातीला डोळे भरून पाहिलं, पण उचललं नाही. आधी हातपाय धुतले, तेल कोमट केलं आणि सुनेजवळ बसल्या. सुया संपून बरेच दिवस झाले होते, डागही विरले होते.

तरी काकूंचा तेलाचा हात तिच्या पोटाच्या वर तसाच थांबला.

“आता चोळू का गं?”

सत्यशीला हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं.

“चोळा, आत्याबाई.”