निर्जळी सोमवार

शिवकांताच्या कपाळावर मी तळहात टेकवला. "रेट."

खेळाआधी मी सगळ्याच पोरींची मान अशी तपासते. रग्बीत स्क्रम लागला की दोन्हीकडच्या पोरी वाकून, खांद्याला खांदा भिडवून रेटतात. पहिल्या रांगेतलीची मान ढिली पडली तर जन्माचं अधूपण यायला वेळ लागत नाही. पहिल्या रांगेत खेळणाऱ्या औशाच्या या पोरीची मान, खांदे, मांड्या मी वर्षभर घडवल्या होत्या. ट्रॅक्टरचं टायर ओढायला लावून, वाळूची पोती घेऊन उठबशा काढायला लावून. रोज ती माझा हात मागं सारायची आणि हसायची.

आज नांदेडच्या मैदानावर तिची मान थरथरली. ओठ कोरडे पडलेले.

"काय खाल्लंस सकाळी?"

"सोमवार हाय, ताई."

"पाणी तरी?"

ती वाकून बुटाची नाडी आवळू लागली. मागून तिच्याच संघातली महामाया म्हणाली, "निर्जळी धरलेत तिनं श्रावणाचे. मी म्हनलं, महादेव येऊन राहिला का स्क्रममधी तुझ्या जागी?"

"तू गप गं!" मग मला, हळूच, "विभागाच्या संघात निवड व्हावी म्हनून सिद्धेश्वराला बोलले होते, ताई. निवड सोमवारीच ठेवतेत हे काय ठाव?"

मी बाटली पुढं केली. "एक घोट घे. देवाला मी सांगते."

"न्हाई. आज मोडला तर मागचे समदे वाया."

कडेला माझ्या आईच्या मांडीवर माझी लेक अंजू होती. चार महिन्यांची, आत्ता कुठं मान धरायला लागलेली. तिला उचलताना अजून माझा हात आपोआप मानेखाली जातो.

मी निवड करणाऱ्या सरांकडं गेले. "हिला उद्या बघता येईल का?"

"यादी आजच जाते, मॅडम."

"मग शिवकांताचं नाव काढा."

तिनं विनवलं नाही. रेषेबाहेर उभी राहून महामायालाच ओरडून सांगत राहिली, "कंबर खाली! अजून खाली!" महामाया निवडली गेली.

परतताना अहमदपूरच्या पुढं दिवस मावळला. उपास सोडायची वेळ झाली. जीपमध्ये मी शिवकांतापुढं बाटली उघडून धरली. ती न घेता तिनं अंजूला मांडीवर मागून घेतलं, मानेखाली नीट तळवा ठेवून.

"ताई," ती म्हणाली, "अजून एक सोमवार राहिलाय. तो आता कशापायी धरू?"

मी बाटली अजून तिच्यापुढंच धरून होते. बाटलीचं झाकण माझ्या मुठीत तसंच होतं.