बाजाराच्या दिवशी बंद केलेला पंप

पहिला दगड योगिनीच्या खांद्याला लागला, दुसरा पंपाच्या पॅनेलवर आदळला. तिसरा कुणी मारला ते तिला दिसलंच नाही. तोवर कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरलं होतं.

हरसूलच्या बाजाराचा दिवस साधून पाड्यावरची चाळीसेक माणसं बोगद्याच्या तोंडाशी आली होती. बायांच्या काखेत रिकामे हंडे, पुरुषांच्या हातात कोयते, पहारी. बाजाराच्या दिवशी इथल्या मजुरांना सुट्टी असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आत कुणी नसताना पंप बंद पाडायचा, म्हणजे कुणाच्या जिवाला धक्का नको, असा त्यांचा सरळ विचार. वॉचमन गर्दी बघूनच पळाला होता. साइटचा साहेब राकेश नाशिकला मीटिंगला गेला होता. बोगद्यातलं पाणी मोजणारी योगिनी तेवढी जागेवर होती.

"जयरामभाऊ, थांबा! आत माणसं आहेत!"

पुढं असलेल्या जयरामनं पॅनेलचा खटका खाली ओढला. पंपाची घरघर बसली.

"कुठली माणसं? आज बाजार हाय, मॅडम. आमची पोरं तिकडं भजी खात्यात."

मागून हशा उठला.

"तुमची नाहीत. वणीहून आलेले ड्रिलवाले, चौघं. त्यांना कुठला आलाय तुमचा बाजार?"

"सभेत तुमचा साहेब म्हनं, विहीर उन्हानं आटली. ते खरं, तसंच हे खरं!"

विहिरीबाबत जयरामचं बरोबर होतं. पाड्यावरच्या विहिरीत ती दर आठवड्याला फीत सोडत होती. बोगदा विहिरीखालच्या तांबड्या थरात शिरला, आणि विहिरीचं पाणी बोगद्यात झिरपून खचत गेलं. तिनं हे राकेशला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "मॅडम, तुम्ही फक्त मोजा."

पण आत्ता प्रश्न विहिरीचा नव्हता. उतरत्या वाटेनं डोंगराच्या पोटात जायचं, आणि तळाशी पोचलं की बोगदा हलक्या चढानं पुढं जायचा. सगळं पाणी त्या तळाशी येऊन जमे, तिथून पंप ते बाहेर फेके. पंप थांबला की तळ छतापर्यंत भरणार, अन् पुढं काम करणारे पलीकडं कोंडले जाणार. फार तर दहा-पंधरा मिनिटं. ड्रिलच्या आवाजात ड्रिलवाल्यांच्या मुकादमाला, दत्तूला, आणि त्याच्या माणसांना पंप थांबल्याचं कळणारही नव्हतं. दत्तू आधी कोळशाच्या खाणीत होता. पाणी येताना आवाज करत नाही, असं तोच तिला एकदा म्हणाला होता.

तिनं भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर उचलून आतली घंटी वाजवली. कुणी घेईना. पुन्हा वाजवली. तोच कुणीतरी तिला मागं खेचलं, आणि रिसीव्हर लोंबकळत राहिला. ती धडपडत पॅनेलकडं गेली. कुसाबाईनं हंडा फिरवून तिच्या कानशिलावर घातला. कुसाबाई जयरामची आई. विहीर तिच्याच बांधाला.

"मुडदा बशिवला तुझा! माझ्या गाईनं चिखल चाटून जीव सोडला, तवा कुटं व्हतीस?"

योगिनी गुडघ्यावर आली. हाताला पाईपचा पाना लागला. आयुष्यात तिनं कुणाला चापटसुद्धा मारली नव्हती. तिनं पाना दोन्ही हातांनी उचलला आणि खटक्यावरच्या जयरामच्या मनगटावर पूर्ण ताकदीनं हाणला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला. जयराम किंचाळून खाली बसला. तिनं खटका वर ढकलला, पंप एकदा गुरगुरला, पण तेवढ्यात दोघांनी तिचे केस धरून तिला ओढलं अन् कुणीतरी पुन्हा खटका पाडला. पोटात लाथ बसली. कोयत्याची मूठ दातांवर आली. तोंडात दाताचा तुकडा आला, तो तिनं थुंकला आणि पुन्हा ओरडली, "चौघं आहेत! चौघं!"

लोंबकळणाऱ्या रिसीव्हरमधून कुणीतरी बोलत होतं.

कुसाबाईच्या पायाशीच तो होता. ती वाकली. जरा वेळ कानाला धरून उभी राहिली. आतला माणूस रडत होता. "मॅडम, वाट बुडाली... पाणी छातीला लागलंय... पोराला पवता येत नाय, मॅडम, पंप लावा..."

"सोडा तिला!" कुसाबाई किंचाळली. "आरं मानसं हायेत आत! सोडा मेल्यांनो!"

हात सुटले. योगिनी फरपटत गेली अन् तिनं खटका वर केला.

मग सगळे उतरत्या वाटेच्या तोंडाशी उभे राहिले. खूप उशिरा अंधारात बॅटरी हलली. तिघं चालत आले. चौथा, विशीतला, दत्तूच्या खांद्यावर. त्याला पालथा टाकला तेव्हा तोंडातून गढूळ पाणी आलं, आणि मग खोकला.

तो खोकला ऐकून दत्तू वळला.

"कोणी बंद केला?"

जयराम मोडका हात छातीशी धरून बसला होता. त्यानं मान खाली घातली. दत्तूनं त्याच्या तोंडावर लाथ मारली, मग त्याच हातावर. पाड्यावरची पोरं दत्तूवर तुटून पडली. ड्रिलवाल्यांनी पहारी उचलल्या. हंडे, दगड, शिव्या. एका बाईचं डोकं फुटलं, एकाचा कान अर्धा लोंबला.

योगिनीनं पॅनेलचा आधार घेतला आणि खटका खाली ओढला.

घरघर थांबली तशी मारामारी अडखळली. खालून पाणी चढत असल्याचा नुसता गारवा वर येत होता.

"मॅडम," दत्तू धापा टाकत म्हणाला, "मशीन आत आहे. कोटीचं मशीन."

"माणसं बाहेर आहेत ना?"

"चौघंबी. पण साहेब—"

"मग भरू दे."

तिनं पाना फ्यूजवर घातला. एकदा, दोनदा, चिनीमातीचे तुकडे होईपर्यंत. खिशातला मोबाइल वाजू लागला. राकेशचं नाव बघून तिनं तो बंद केला.

कुसाबाई जवळ आली. हंडा अजून हातातच होता.

"वरती कदी येईल पानी?"

"बोगदा भरल्यावर. नक्की सांगता येणार नाही. रोज मोजावं लागेल."

कुसाबाईनं तिच्या फुटलेल्या ओठाकडं पाहिलं, मग आपल्या पोराच्या मोडक्या हाताकडं.

"ये मोजाया," ती म्हणाली. "पन त्याच्या पुढ्यात येऊ नको."